स्वस्त घर आणि परवडणारे घर

“बाजार पडू द्या, घरे स्वस्त होतील, तोवर थांबा,” असा सल्ला आपल्याकडची वडीलधारी मंडळी हमखास देतात. वरवर पाहता त्यात तथ्य आहे. गिऱ्हाईक कमी झाले की मालाचा भाव उतरतो. घरही याला अपवाद नाही. परंतु मुंबईचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास चाळला तर या सल्ल्याची दुसरी बाजू दिसते. ज्या मंदीने घराचा भाव उतरतो, तीच मंदी गरजवंताची कमाई आधी खाऊन टाकते. घर स्वस्त होणे आणि घर परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घेण्यासाठी तीन काळांकडे पाहू.

पहिला काळ १८६५ चा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला आणि शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा जमिनीकडे वळला. समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीवर लोक श्रीमंत होत होते! सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले.

कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे कामासाठी मुंबईत लोटली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. मग एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणेकऱ्यांना देणी चुकवता आली नाहीत. पेढ्या बुडाल्या, जमिनीच्या कंपन्या बुडाल्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच राहिली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली. दोन्ही मोजण्यांच्या अचूकपणाबद्दल वाद घालता येईल, पण ओहोटी नाकारता येणार नाही. जागा मोकळी झाली ती माणसांना घरे मिळाली म्हणून नव्हे, माणसे शहर सोडून गेली म्हणून.

दुसरा काळ अधिक बोलका आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची इतकी टंचाई झाली की सरकारला १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आणणारा कायदा करावा लागला. कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहतात असे आढळले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली विकास खाते स्थापन करून पन्नास हजार खोल्या बांधण्याची योजना आखली. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. बीडीडी चाळी म्हणून आपण ज्या ओळखतो त्या याच.

प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एकूण खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. चाळी तयार होईपर्यंत तेजी ओसरली होती. गिरणीमालक मजुरी कापू पाहत होते. १९२८ मध्ये सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला, १९२९ मध्ये पुन्हा संप झाला आणि त्याच वर्षाअखेर जागतिक महामंदी सुरू झाली. ज्या शहरात एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे झोपत होती, त्याच शहरात सरकारी खोल्यांना भाडेकरू मिळेनात. सरकारने भाडी उतरवली, तरीही वरळीच्या कित्येक चाळी रिकाम्याच राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या या रिकाम्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत शेवटी कैदी राहायला आले!

असे का झाले? कामगाराच्या दृष्टीने घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हत्या. त्या वेळी वरळी गिरण्यांपासून, बाजारापासून लांब होती. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहिल्याशिवाय बदली कामगाराला काम मिळत नसे. दूर राहणे म्हणजे दिवसाचा रोज गमावणे. उधारीवर दाणागोटा देणारा दुकानदार, खानावळवाली बाई, नोकरी लावून देणारा मुकादम, अडीनडीला धावणारे गाववाले हे सारे जुन्या वस्तीत होते. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांचे उदाहरण घ्या. उत्तर हिंदुस्थानातले हातमाग मोडल्यावर हे कारागीर मुंबईत आले आणि गिरण्यांच्या मागखात्यात स्थिरावले. बिरादरी, मशीद, उधारी आणि रोजगार हे सारे त्यांना मदनपुऱ्याच्या गल्ल्यांतच मिळत होते. हे सोडून भाड्यात दोन रुपये वाचवण्यासाठी वरळीला जाणे त्यांना महागच पडले असते. बेकारीत तर खोलीचे भाडे वाटून घेणारे सोबतीच आधार देतात. म्हणून मंदीत माणसे मोठ्या, स्वस्त खोलीत न जाता जुन्याच खोलीत अधिक दाटीने राहिली. ज्यांना गावी आसरा होता ती परतली. शहराची लोकसंख्या १९२१ मध्ये ११,७५,९१४ होती, ती १९३१ मध्ये ११,६१,३८३ झाली. १८७२ चीच गोष्ट, जरा सौम्य रूपात!

मंदीचा फायदा कोणालाच झाला नाही असे मात्र नाही. सिमेंट, लोखंड आणि मजुरी स्वस्त झाली. ज्यांच्या हाती रोकड होती त्यांनी इमारती उठवल्या. ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या देखण्या इमारती १९३० च्या दशकातल्याच. दादर-माटुंग्याकडे पगारदार मध्यमवर्गाला प्रशस्त ब्लॉक मिळाले. ज्याचा पगार टिकला त्याच्यासाठी मंदी वरदान ठरली. मंदी सर्वांना सारखी भेटत नाही, हा या दशकाचा धडा आहे.

त्या मंदीची एक सावली पुढे फार लांबवर पडली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण मानले. म्हणजे युद्धाची महागाई भडकण्यापूर्वीचे, पडत्या बाजारातून आलेले भाडे कायद्यात गोठले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, हे खरे. डोंगरी, नागपाडा, भेंडीबाजार, गिरगाव, लालबाग येथील लाखो कुटुंबे त्यामुळेच शहरात टिकली. पण मालकाने डागडुजीकडे पाठ फिरवली आणि खोलीची खरी किंमत पागडी होऊन मागच्या दाराने आली. भाडे पाच-दहा रुपये, पागडी मात्र हजारोंची. जो आत होता त्याचे निभावले. नव्याने येणाऱ्यासाठी झोपडपट्टी उरली. पागडीला कायद्याची मान्यता मिळायला २००० साली अमलात आलेला नवा भाडेनियंत्रण कायदा यावा लागला.

तिसरा काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, पण गिरण्याही पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. कित्येकांनी गिरणगावातली खोली विकून गाव किंवा दूरचे उपनगर गाठले. आता मात्र एक नवेच दृश्य दिसले. कापडाची मंदी आणि जमिनीची तेजी एकाच पत्त्यावर नांदू लागली. गिरणी तोट्यात, पण गिरणीखालची जमीन सोन्याच्या भावाची! १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील एक-एक वाटा मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा फारच आखडला. ज्या कामगारांनी ती जमीन मोलाची केली, त्यांच्यासाठी घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. संपाला तोवर तीस वर्षे झाली होती.

अगदी अलीकडचा अनुभव याच मालिकेतला आहे. २०२० च्या टाळेबंदीत भाडे देणे अशक्य झालेले मजूर पायी गावाकडे निघाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले आणि मुंबईत घरांच्या नोंदणीसाठी झुंबड उडाली. भाव नरम, शुल्क कमी, कर्जाचे व्याजही उतरलेले. पण ही संधी पगाराची पावती दाखवू शकणाऱ्यांची होती.

हा मुद्दा आपल्या समाजाला विशेष लागू पडतो. मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले. यंत्रमाग, शिवणकाम, टॅक्सी, फेरी, छोटे दुकान ही कमाई मंदीचा पहिला घाव सोसते. घर स्वस्त होते तेव्हा नेमका आपलाच हात रिकामा असतो. म्हणून “थांबा, बाजार पडेल” हा सल्ला पगारदाराला लाभेल, कारागिराला लाभेलच असे नाही.

वरळीच्या त्या चाळी आता पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ती घरे बाजार पडल्यामुळे मिळालेली नाहीत. शंभर वर्षांपूर्वी त्या जागेवर सार्वजनिक पैशाने सार्वजनिक घरे बांधली गेली होती, म्हणून मिळाली. रिकाम्या राहिल्या म्हणून ज्या चाळींना फसलेली योजना ठरवले गेले, त्यांनीच पुढे तीन-चार पिढ्यांना डोक्यावर छप्पर दिले. गरिबाला घर मंदीही देत नाही आणि तेजीही देत नाही. कामाच्या जवळ, कमाईच्या प्रमाणात आणि बेकारीच्या महिन्यातही टिकणारे घर हवे असेल, तर ते समाजाने आणि सरकारने ठरवूनच बांधावे लागते.