शोमरोनी बाईचे पाच नवरे आणि केडगावचं घर

लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेज मठाच्या ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजाने ‘वाईट चालीची’ ठरवलेल्या बायका तिथे राहत. १८८३ साली या भगिनींनी एका पाहुणीला हे घर दाखवायला नेलं. पाहुणी पंचविशीतली, नेसायला विधवेचं पांढरं वस्त्र, संस्कृत मुखोद्गत. मद्रास इलाख्यातून काश्मीरपर्यंत पुराणं सांगत पायी फिरलेली आणि कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. या घरातल्या बायका आता स्वतः आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करतात, हे पाहून त्या चकित झाल्या. अशा बायकांची एवढी माया तुम्हाला का, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

त्या अध्यायातली शोमरोनी बाई भर दुपारी एकटी याकोबाच्या विहिरीवर पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे झालेले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि धर्मातल्या गहन गोष्टी तिच्याशी बोलत बसतो. पाच जणांशी लग्न कसं मोडलं, चूक कोणाची, हे तो विचारत नाही. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीपर लेखनात या प्रसंगाला स्वतःच्या श्रद्धेतलं वळण म्हटलं आहे. बुद्धीला पटायचं राहिलं होतं ते फादर नीळकंठशास्त्री गोऱ्यांच्या पुस्तकाने पटलं, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पंडिताच्या घरातली बाई धर्मशास्त्राच्या वादविवादाने ख्रिस्ती झाली असती तर नवल नव्हतं. इथे मात्र गोऱ्यांच्या युक्तिवादाच्या आधी, मोडलेल्या लग्नांची एक बाई वाट दाखवून गेली होती.

रमाबाईंचा स्वतःचा संसार छळाचा नव्हता. बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जात ओलांडून नोंदणी विवाह केला होता. तो सुखाचा होता, पण दोन वर्षंही पुरला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी गेले. छळ त्यांनी आजूबाजूला पाहिला होता. १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या ‘हाय कास्ट हिंदू वुमन’मध्ये त्यांनी सासरच्या जाचाविषयी सविस्तर लिहिलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम दिला होता, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न आपण मानत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यापायी त्या तुरुंगात जायला तयार होत्या. रमाबाईंनी अमेरिकेहून इंग्लंडमधल्या आपल्या शिक्षिका डोरोथिया बील यांना या निकालाबद्दल संतापून पत्र लिहिलं. इंग्रज सरकार हिंदुस्थानातल्या बाईचं रक्षण करतं, या कल्पनेचा त्यात त्यांनी समाचार घेतला आहे.

हिंदू बाईला त्या काळी कायद्याने घटस्फोटच नव्हता. जिथे होता तिथे तो जातपंचायतीच्या रूढीने, आणि तोही उच्च जातींबाहेर. त्या मानाने ख्रिस्ती बाई नशीबवान वाटेल, कारण तिच्यासाठी १८६९ सालीच भारतीय घटस्फोट कायदा झाला होता. कलम १० वाचलं की हा भ्रम उतरतो. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र व्यभिचार सिद्ध करायचा आणि शिवाय क्रौर्य, किंवा दोन वर्षं टाकून देणं, किंवा तसंच आणखी काहीतरी. म्हणजे नवरा नुसता मारत असेल तर घटस्फोट नाही. नुसता दुसरीकडे जात असेल तरी नाही. दोन्ही हवं. नुसत्या माराला कायद्याने फक्त ‘न्यायिक विभक्तता’ ठेवली होती: वेगळं राहा, पण बायको म्हणूनच राहा. त्यातून घटस्फोट मिळालाच तर जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांची मोहोर लागायची. बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची सोय मात्र नवऱ्यासाठी होती, जणू गाय चोरीला गेली आहे.

हा कायदा इंग्लंडच्या १८५७च्या कायद्यावरून बेतला होता. इंग्लंडने १९२३ मध्ये नवरा-बायकोला व्यभिचाराच्या बाबतीत समान केलं आणि १९३७ मध्ये क्रौर्य हे स्वतंत्र कारण मान्य केलं. हिंदुस्थानातली प्रत मात्र तशीच राहिली, स्वातंत्र्यानंतरही.

रमाबाईंनी कायदा बदलण्याचा नाद केला नाही. त्यांनी घर बांधलं.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ विधवा आणि मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. इथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. सदनात धर्मशिक्षण नाही, असं आधी ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. रमाबाईंचे चाहते हा प्रसंग सनातन्यांचा हेकटपणा म्हणून सांगतात, ते अर्धंच खरं आहे. उघडं दार हेही आमंत्रण असतं, हे रानड्यांसारख्या माणसाला कळत होतं. निवारा देणाऱ्याच्या देवाला निवारा घेणारी ‘नाही’ कशी म्हणणार, हा प्रश्न रमाबाईंनी पुढे केडगावात उभारलेल्या घराच्या इतिहासाला शेवटपर्यंत चिकटून राहिला, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव तेव्हा माळरान होतं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली, बालविधवा, उपाशी बायका घेऊन परतल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. केडगावच्या शेतात विहिरी खोदल्या गेल्या आणि एकापाठोपाठ एक सदनं उभी राहिली: मुक्ती सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध बायकांसाठी बार्तिमी सदन. कृपा सदन होतं फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या आणि ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये पाहिलेलं घर हेच, फक्त लुगड्यातलं.

इथे येणाऱ्यांत नवऱ्याच्या मारातून निसटलेल्याही होत्या, तरी बहुसंख्य होत्या विधवा आणि दुष्काळात सापडलेल्या मुली. आजच्या भाषेत ज्याला आपण समुपदेशन म्हणतो ते केडगावात नव्हतं. दिवस घंटेवर चाले. पहाटे प्रार्थना, मग काम. हातमाग, शिवण, तेलघाणा, दुभती जनावरं, शेती, स्वयंपाक आणि छापखाना. खिळे जुळवणाऱ्या बायकाच, कागद चढवणाऱ्या बायकाच, पुस्तक बांधणाऱ्याही बायकाच. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं ते याच छापखान्यासाठी. ते पूर्ण छापून निघालं त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली. ज्या बाईला घरात अक्षर शिकणंही वर्ज्य होतं, तिने विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट शिशाच्या खिळ्यांत उलटी जुळवली असणार. श्रद्धेने मन बरं होतं म्हणजे नेमकं काय होतं, याचं याहून ठोस उदाहरण शोधायची गरज नाही.

आणि रडणंही होतं. जून १९०५ मध्ये केडगावात जे घडलं त्याला ख्रिस्ती इतिहासात ‘मुक्ती संजीवन’ म्हणतात. प्रार्थनेच्या वेळी शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपली पापं आणि दुःखं मोठमोठ्याने सांगू लागल्या. काहींना अंगात आग पेटल्यासारखं वाटलं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या हे वर्षभर आधीचं. मिनी अब्राम्स या रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी होत्या; त्यांनी यावर लिहिलेलं छोटं पुस्तक दूरदेशी पोहोचलं. इंग्रज पाद्र्यांपैकी काहींना हा प्रकार अशोभनीय वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. हिंदुस्थानी बाईने आपल्या भावना आपल्या पद्धतीने देवापुढे मांडल्या तर बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या मुलींना सासरी हुंदका गिळायची सवय लागली होती त्यांना मोठ्याने रडायची मोकळीक मिळाली, आणि शरमिंदं कोणी केलं नाही. धर्मशास्त्रज्ञ याला काहीही नाव देवोत.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. केडगावचं घर टिकलं, आजही आहे. पण मधल्या सात-आठ दशकांत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बायकोचा मुख्य प्रश्न केडगावच्या वेशीबाहेर होता. तिचं लग्न चर्चमध्ये लागलं होतं, नवराही दर रविवारी चर्चला येत होता, आणि मार घरात होता. अशा बाईला पाळकाकडून मिळणारा सल्ला ठरलेला: क्षमा कर, प्रार्थना कर, आपला क्रूस वाहा. कॅथलिक बाईला विवाह हा संस्कार, तो मोडत नाही. प्रॉटेस्टंट बाईला पुस्तकात घटस्फोटाची वाट असली तरी मंडळीत तोंड दाखवायची चोरी. आणि कोर्टात कलम १०. ज्या श्रद्धेने केडगावच्या बाईला उभं केलं, तिनेच वसईच्या किंवा अहमदनगरच्या बाईला बांधून ठेवलं. फरक श्रद्धेत नव्हता. केडगावात छप्पर, काम आणि पोटाला भाकरी आधी मिळे आणि प्रार्थना त्याबरोबर येई. वसई-अहमदनगरच्या बाईला नुसती प्रार्थना दिली जात होती.

१९८०च्या दशकात मुंबईत फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी आपल्या मारहाणीच्या लग्नाची कहाणी पुस्तिकारूपाने लिहिली. मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या या बाईंची वाट स्त्रीचळवळीतून आणि वकिलीतून गेली; ‘मजलिस’ ही त्यांची संस्था पुढे मुंबईच्या कोर्टांत बायकांची बाजू लढवू लागली. ख्रिस्ती घरातही असं होतं, हे नाव घालून सांगणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

कायद्याची भिंत पडली ती आधी केरळात. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ख्रिस्ती बायकोला निव्वळ क्रौर्यावर किंवा परित्यागावर घटस्फोट मिळेल, असा निकाल दिला. दोन वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कलम १० समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काच्या विरुद्ध ठरवलं. पुढे संसदेने २००१ साली कायदा दुरुस्त केला, क्रौर्य हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्परसंमतीचा घटस्फोटही आला. १८६९ ते २००१ ही एकशे बत्तीस वर्षं. हिंदू बायकोला, जिला रमाबाईंच्या काळी काहीच नव्हतं, मुंबई प्रांतात १९४७ सालीच कायद्याने ही वाट मिळाली होती. चर्चच्या पुढाऱ्यांनी या बदलाला शेवटी पाठिंबा दिला, हे खरं. तो पन्नास वर्षं आधी दिला असता तर किती बायकांचं तरुणपण वाचलं असतं, हा हिशोब कोणी मांडलेला नाही.

दरम्यान चर्चही आतून हललं होतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये स्पष्ट केलं, की घटस्फोट झाला पण पुन्हा लग्न केलं नाही अशा व्यक्तीला संस्कारांपासून दूर ठेवता येत नाही. खेडोपाडी कित्येक बायका निव्वळ चुकीच्या समजुतीने ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभ्या राहत नव्हत्या. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, जोडीदाराकडून जिवाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा अधिकार मांडलेला आहे. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९९२ च्या पत्रकात मारहाण सोसत राहणं हे कोणत्याही बाईचं धार्मिक कर्तव्य नाही असं लिहिलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तर काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं असं जाहीर सभेत सांगितलं, आणि त्याच वर्षी विवाह रद्द ठरवण्याची चर्चची प्रक्रिया सोपी केली.

इथे अजूनही एक गफलत होते आणि ती महागात पडते. धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाने लग्न रद्दबातल ठरवलं की आपण सुटलो, असं अनेक बायका आणि त्यांचे आईबाप समजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितलं आहे, की चर्चच्या निकालाला दिवाणी कायद्यात घटस्फोटाची किंमत नाही. त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते कायद्याने अवैध ठरू शकतं. चर्चचा कागद वेदीपुढे पुन्हा लग्न लागण्यासाठी, आणि कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा बाकी सगळ्यासाठी: पोटगी, मुलांचा ताबा, घर. ज्या बाईला दोन्ही हवे असतील तिने अर्जही दोन्हीकडे करायला हवा.