बेडकाचे पाय, फुलपाखराचे हात : बटरफ्लायच्या एका बाद ठरलेल्या लाथेचा इतिहास

१/
उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर किंवा नीरा उजव्या कालव्यावर पोहायला शिकण्याची फलटण भागातील रीत जुनी आहे. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा, कमरेला दोर आणि काठावर कोणी वडीलधारा. सूर आणि मुटका शिकता शिकता मुलाच्या अंगी आणखी एक गोष्ट मुरते : बेडकासारखे पाय आखडून मागे झाडणे.

२/
असा मुलगा पुढे जलतरण तलावावर बटरफ्लाय शिकू लागतो, तेव्हा हात लवकर जमतात. पाय मात्र जुन्या वळणावर जातात. शर्यतीत तीच लाथ मारली, की पंच त्याला बाद करतात. पायांवर ‘चूक’ असा शिक्का बसतो. बटरफ्लायचा इतिहास पाहिला, तर हा शिक्का फार अलीकडचा आहे. या प्रकाराचा जन्मच बेडकाच्या पायांनी झाला.

३/
१९२० च्या दशकात बटरफ्लाय नावाची वेगळी शर्यत अस्तित्वात नव्हती. होता तो ब्रेस्टस्ट्रोक. त्याच्या नियमानुसार दोन्ही हात एकाच वेळी पुढे न्यायचे होते. ते पाण्याखालूनच न्यावेत, असे बंधन नव्हते. जर्मनीच्या एरिख राडेमाखरने त्या दशकाच्या उत्तरार्धात ही फट हेरली आणि वळणापाशी व शर्यतीच्या अखेरीस हात पाण्यावरून पुढे टाकले.

४/
लाभ उघड होता. हात पाण्यातून पुढे नेताना पाणी शरीराला मागे रेटते. हवेतून नेताना हा अडथळा जवळजवळ उरत नाही. १९३३ मध्ये ब्रुकलिनच्या वायएमसीए तलावावर हेन्री मायर्सने हेच हात शर्यतीत वापरले. पाय अर्थातच बेडकाचे. नियमाने हात मोकळे ठेवले होते, पाय बांधले होते.

५/
त्याच सुमारास आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी पायांचाही प्रश्न हाती घेतला. दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीप्रमाणे हलवण्याची हातोटी सीगने साधली. या पायांना फुलपाखराच्या हातांची जोड दिल्यावर वेग वाढला. आजची ‘डॉल्फिन किक’ ती हीच.

६/
परंतु ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात पायांची वर-खाली हालचाल निषिद्ध होती. त्यामुळे वेगवान असूनही डॉल्फिन किक शर्यतीबाहेर राहिली. पुढची सुमारे वीस वर्षे शर्यतीतले बटरफ्लाय बेडकाच्या पायांनीच पोहले गेले. त्या काळात बाद होणारा पोहणारा डॉल्फिन किक मारणारा होता.

७/
१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या तेत्सुओ हामुरोने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जुन्या पद्धतीने जिंकली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मात्र याच शर्यतीच्या अंतिम फेरीतील आठांपैकी सात पुरुष बटरफ्लायचे हात वापरत होते. सुवर्णपदक अमेरिकेच्या जो व्हर्डूरला मिळाले. १९५२ मध्ये हेलसिंकीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिस याच हातांनी जिंकला. मूळ ब्रेस्टस्ट्रोक स्वतःच्या नावाच्या शर्यतीतून हद्दपार होऊ लागला होता.

८/
हेलसिंकीनंतर ‘फिना’ या जागतिक संघटनेने दोन्ही प्रकार वेगळे केले आणि बटरफ्लायमध्ये डॉल्फिन किकला मुभा दिली. १९५६ मध्ये मेलबर्नला ऑलिम्पिकची पहिली स्वतंत्र बटरफ्लाय शर्यत झाली. पुरुषांच्या २०० मीटरमध्ये विल्यम यॉर्झिक आणि महिलांच्या १०० मीटरमध्ये शेली मान हे दोघे अमेरिकी विजेते ठरले.

९/
डॉल्फिन किक का जिंकली? बेडकाची लाथ मारण्यासाठी आधी गुडघे दुमडावे लागतात. त्या क्षणी मांड्या पाण्याला आडव्या येतात, कंबर बुडते, वेग तुटतो. डॉल्फिन किकमध्ये शरीर लांब राहते आणि हातांच्या एका आवर्तनात दोन लाथा बसतात : एक हात पाण्यात शिरताना, दुसरी हात बाहेर पडताना. बेडकाच्या पायांना एकच संधी मिळते.

१०/
म्हणून जुन्या पद्धतीचे सारे कौशल्य त्या एका लाथेच्या वेळेत आहे. हात पाण्यावरून पुढे येत असताना टाचा नितंबांकडे ओढायच्या आणि हात पाण्यात शिरताना लाथ सोडायची. गुडघे पोटाखाली घ्यायचे नाहीत, फार फाकवायचेही नाहीत. लाथेअखेर पाय जुळवून पंजे ताणायचे आणि छाती किंचित दाबून शरीर पुढे सरकू द्यायचे. लाथ आधी पडली, तर हात जड होतात. उशिरा पडली, तर कंबर खाली जाते.

११/
विहिरीत शिकलेल्यासाठी हा इतिहास शिडीसारखा उपयोगी आहे. आधी सवयीच्या पायांनी हातांची आणि श्वासाची लय बसवावी. मग त्याच क्षणी, हात पाण्यात शिरताना, बेडकाच्या लाथेऐवजी डॉल्फिनची एक लाथ मारावी. ती स्थिरावली, की हात बाहेर पडतानाची दुसरी जोडावी. १९३३ ते १९५६ हा प्रवास अशा रीतीने एका शरीरात पुन्हा घडतो.

१२/
डॉल्फिन किकला मुभा मिळाल्यानंतरही बेडकाचे पाय लगेच बाद झाले नाहीत. कित्येक दशके बटरफ्लायमध्ये दोन्ही चालत. या शतकाच्या आरंभी मुख्य स्पर्धांच्या नियमांतून ती लाथ वगळली गेली. २५ वर्षांपुढील पोहणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय ‘मास्टर्स’ स्पर्धांत मात्र ती आजही ग्राह्य आहे.

१३/
भारतासाठी बटरफ्लाय परका नाही. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यानंतर आशियाई जलतरणातील पुढचे भारतीय पदक २४ वर्षांनी, २०१० मध्ये ग्वांगझू येथे आले. तेही बटरफ्लायमध्येच : ५० मीटर, कांस्य, कोल्हापूरचा वीरधवल खाडे.

१४/
या कथेला एक उलटे टोकही आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली, तेव्हा त्याने पाण्याखाली डॉल्फिन किक मारल्याचा आक्षेप निघाला. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रारंभी व प्रत्येक वळणानंतर एक डॉल्फिन किक वैध ठरली. डॉल्फिनला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रवेश मिळाला; बटरफ्लायमधून बेडूक तोवर बाहेर गेला होता.

१५/
पंचांचा निर्णय आजच्या नियमाने योग्यच असतो आणि शर्यत पोहायची, तर तो पाळावाच लागतो. परंतु कालव्यावरून आलेल्या त्या मुलाला काठावर कोणी ‘तुझे पाय चुकीचे आहेत’ असे म्हणाले, तर त्याला एवढे सांगता आले पाहिजे : याच पायांनी जो व्हर्डूर लंडनमध्ये सुवर्णपदकापर्यंत पोहला होता.