इंजिनाची फोडणी

कोल्हापूरच्या माणसाला तेलाविषयी शिकवायला जाऊ नये. ज्या गावात मिसळीवरचा कट पाहून पाहुण्याला घाम फुटतो आणि यजमान 'आणखी थोडा घ्या की!' म्हणतो, तिथं जुनी डिझेल गाडी गोडेतेलावर चालते हे ऐकून कोण चकित होणार? 'माणसं चालत्यात, मग गाडीला काय धाड भरलीया?' एवढंच उत्तर मिळेल.

पण हा नुसता खुळ्याचा बाजार नव्हे. याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे; आणि इतिहास म्हटला की भाकडकथाही आलीच. दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन शेंगतेलावर चालवलं, असं त्या दिवशीच्या भाषणांत हमखास सांगतात. त्यातलं इंजिन खरं, शेंगदाणे मागाहून शिरलेले! ते आले १९०० साली, पॅरिसच्या प्रदर्शनात. ओटो कंपनीनं तिथं एक छोटं डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं. कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड. मग तिथं इंधन बाहेरून कशाला न्यायचं, असा रोकडा हिशेब. इंजिन इतकं बिनतक्रार चाललं, की तेल बदललंय हे फारसं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खुद्द डिझेलनंच हे १९१२ साली सांगितलं. पुढच्याच वर्षी तो बोटीवरून बेपत्ता झाला, आणि त्याचं नाव चिकटलं ते खनिज तेलाला!

आमच्या मुलखात तर तेल आणि इंजिन शेजारीशेजारी नांदत होते. सातारारोडच्या कूपर कारखान्यात १९३३ साली डिझेल इंजिन तयार झालं. पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरातही इंजिनं बनू लागली. बांधाच्या अलीकडे भुईमूग, पलीकडे विहिरीवर टुकटुकणारं इंजिन. त्याचं नावच मुळी 'ऑईल इंजिन'! तरी शेतकऱ्यानं इंजिनात डिझेल ओतलं आणि गोडेतेल झुणक्यात. पॅरिसचं प्रदर्शन त्यानं पाहिलं नव्हतं, पण बाजारभाव पाहिला होता.

शिवाय इंजिनाचेही नखरे असतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा उडाला, की तो आपोआप पेटतो. गोडेतेल पडलं डिझेलच्या दहापट दाट. फवारा नीट होत नाही, नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात. म्हणून हौशी मंडळी दोन टाक्या बसवतात. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनाच्या गरम पाण्यावर तेल तापवायचं, मग कॉक फिरवायचा. बंद करण्याआधी पुन्हा डिझेल. थोडक्यात, गाडीला बारमाही अभ्यंगस्नान! ज्यांना एवढी उस्तवार नको, ते तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल करतात. त्यातून उरलेल्या ग्लिसरीनचा साबण होतो. म्हणजे स्नानाची तयारी पुरी!

पण खरा प्रश्न नोझलचा नाही, ताटाचा आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागं मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्या दिवसांत कुणी गाडीत गोडेतेल ओतलं असतं, तर लाटणं बॉनेटवर थांबलं नसतं. आजही देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. परदेशी खनिज तेल वाचवायला परदेशी खाद्यतेल जाळायचं, यावर तो फ्रेंच अधिकारीही कपाळाला हात लावील.

तेव्हा गाडीच्या वाट्याला यावं ते उष्टंच. तळून तळून काळं झालेलं तेल. १ जुलै २०१८ पासून नियमही आहे, की तेलातल्या बिघडलेल्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, की ते पुन्हा खाण्यासाठी वापरायचं नाही. ते आपल्या पोटात जाण्यापेक्षा गाडीच्या पोटात गेलेलं काय वाईट? धुराला वड्याचा वास येतो म्हणतात. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला अवेळी भूक लागेल, एवढाच काय तो तोटा!