३६० अंशांत विमानाचं कॉकपिट कसं बघायचं?
यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. विमान पकडायला दुसरं शहर गाठावं लागतं. तिथेही २००१ च्या हल्ल्यांनंतर उड्डाणात कॉकपिटचं दार कुलूपबंदच. म्हणून ३६० अंशांचा पॅनोरामा. त्यात एकाच बिंदूभोवती कॅमेरा फिरवून काढलेले फोटो जोडलेले असतात. कॉकपिटमध्ये सगळं हाताच्या अंतरावर, त्यामुळे बिंदू जरा सरकला की जोडावर पॅनेल तुटलेलं दिसतं.

एअरबस ए३२० चं दृश्य उघडलंत तर आधी कॅप्टनच्या डाव्या हाताला बघा: स्टीअरिंग नाही, छोटीशी साइडस्टिक! समोर सहा स्क्रीन. आता चित्र खाली ओढा, म्हणजे डोक्यावरचं पॅनेल दिसेल: इंधनपंप, वीज, हायड्रॉलिक्स. उड्डाणात सगळं ठीक असेल तर इथले बहुतेक दिवे विझलेले असतात. फोटोत पिवळे दिसले तर बिघाड समजू नका. विमान उभं आहे, इंजिनं बंद आहेत इतकंच.