नवरसपूर : संज्ञेचे नगर

अकबराचा पुत्र मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसविले. १५९९ मध्ये तो निवर्तला आणि त्याचे शहापूर ओसाड होत गेले. त्याच वर्षी दूर विजापूरच्या पश्चिमेस, तोरवीजवळ, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने नवरसपूर उभारावयास घेतले. तेही पुरे झाले नाही. दोन्ही नगरे शेजारी ठेवून पाहावीत, कारण भेद नामकरणातच आहे. 'शहापूर' सत्तेचा निर्देश करते. 'नवरसपूर' काव्यशास्त्रातील एक संज्ञा थेट राजधानीवर आरोपित करते.

इब्राहिमाला ही संज्ञा संगीतातून भेटली होती. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दखनी गीतसंग्रह रागानुसार रचलेला असून त्यात सरस्वतीचे स्तवन आहे. जुहूरीने त्यास फारसी प्रस्तावना लिहिली. फारसीत 'नवरस' म्हणजे नुकतेच हाती आलेले, ताजे. एकाच उच्चारात दोन परंपरांचे अर्थ नांदतात, आणि हे द्व्यर्थित्व राजाने हेतुतः जोपासलेले दिसते. भरत, अभिनवगुप्त, जगन्नाथ या मार्गानेच रसविचाराचा इतिहास सांगणारी आपली समीक्षा या दखनी वळणाशी सहसा थांबत नाही. (विजापूर दरबाराच्या कागदपत्रांत मराठी वावरत होती, हे ध्यानात घेता ही उपेक्षा अधिकच खटकते.)

मात्र संगीतातून येथे स्थापत्य निष्पन्न झाले काय? नऊ रसांना नऊ दरवाजे वा नऊ प्रासाद जुळविण्याचा मोह होतो. उरलेल्या अवशेषांत त्यास आधार नाही. तेथील 'संगीत महाल' हा विजापुरातील गगन महालाचीच जवळजवळ प्रतिकृती आहे. मधोमध तीच भव्य कमान, तोच दरबारी थाट! इआनिस झेनाकिसने १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील फिलिप्स दालनासाठी स्वतःच्या 'मेटास्टासिस' या रचनेतील सरकत्या स्वररेषांची भूमिती वापरली. तेथे संगीत आकारात उतरले. नवरसपुरात ते नावात उतरले, आकार जुन्याच सत्तेचा राहिला. म्हणून ही कल्पना उणी ठरत नाही. नाणी, उत्सव, ग्रंथ आणि नगर यांना एकच शब्द देणे ही वाङ्मयीन कृती होय, आणि तिचे मूल्यमापन स्थापत्याच्या नव्हे, वाङ्मयाच्या निकषांवर व्हावे.

१६२४ मध्ये भातवडीच्या लढाईनंतर मलिक अंबरने नवरसपूर लुटून उद्ध्वस्त केले. तटबंदी अर्धवटच होती. इब्राहिम १६२७ मध्ये वारला. त्याचा रोजा विजापुरासच आहे.