पाळीच्या तारखा कोणासाठी? लोदी कॉलनी ते बीड

१९५२ साली दिल्लीच्या लोदी कॉलनीत राहणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांकडून पाळीच्या तारखा टिपून घेण्यास आरंभ झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा संयुक्त प्रयोग होता. त्याचे दुसरे केंद्र तत्कालीन म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे होते. स्वतंत्र भारतातील शासनाने स्त्रियांच्या मासिक चक्राकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. मात्र त्या तारखा स्त्रीच्या स्वतःच्या आरोग्यासाठी नव्हे, तर जन्मदर कमी करण्यासाठी हव्या होत्या. या हेतूची छाया पुढील अनेक दशकांवर पडली.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली होती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निकटवर्ती. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. त्या विरोधाचे मूळ वर्ध्यापर्यंत जाते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर तेथे गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधने नाकारली. पण महिन्यातील जोखमीचे दिवस टाळण्याच्या पद्धतीत संयमाचा काही अंश आहे, असे मानून तिच्याविषयी मवाळ भूमिका घेतली. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ पासून चालवलेल्या संततिनियमन केंद्राची वाट याहून अगदी निराळी होती. दिल्लीने तेव्हा निवडली ती वर्ध्याची वाट.

या पद्धतीचा शास्त्रीय आधार तसा नवा होता. जपानचे क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि त्यानंतर ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, स्त्रीबीज पुढील पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते. म्हणजेच पुढील पाळी कधी येणार हे ठाऊक असेल, तरच जोखमीचे दिवस ठरवता येतात. त्यासाठी मागील अनेक महिन्यांच्या तारखा हव्यात आणि चक्रही नियमित हवे. १९५१ च्या अखेरीस भारतात आलेले अमेरिकी डॉक्टर अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली अशा नोंदी सुरू झाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांसाठी निरनिराळ्या रंगांच्या मण्यांची माळ तयार केली गेली. रोज एक मणी सरकवायचा. रात्री रंग ओळखू येईनात म्हणून मण्यांचे आकार बदलले गेले. माळ गळ्यात असली म्हणजे पुरे, असाही समज काही ठिकाणी पसरला. पद्धत रुजली नाही. १९६५ पासून शासनाने लूपची मोहीम हाती घेतली आणि पाळीच्या तारखांचे महत्त्व शासनाच्या लेखी संपले.

या पद्धतीची मूळ अडचण अनियमित चक्राची होती. ज्या स्त्रीची पाळी कधी पंचविसाव्या, तर कधी चाळिसाव्या दिवशी येते, तिला ही माळ निरुपयोगी. परंतु ही अनियमितता बहुधा दोषाची नसून वयाची खूण असते. चाळिशीच्या आसपास बीजांडकोशातील पुटके झपाट्याने घटतात. त्यांतून स्रवणारे इनहिबिन कमी होते, त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून येणारे एफएसएच वाढते. आरंभी चक्र आखडते. पुढे काही महिन्यांत स्त्रीबीज सुटतच नाही आणि पाळी लांबते. ही रजोनिवृत्तीपूर्व अवस्था होय. तिचे टप्पे ठरवण्यासाठी २००१ मध्ये अमेरिकेतील पार्क सिटी येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि २०११ मध्ये ते निकष सुधारण्यात आले. त्यांची मुख्य कसोटी रक्ततपासणी नसून तारखा आहेत. लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत ७ किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की संक्रमणाचा आरंभ. ६० किंवा अधिक दिवस पाळी न येणे, हा उत्तरार्ध. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती. म्हणजे १९५२ साली ज्या तारखा हिशेबात बसत नव्हत्या, त्याच आज या अवस्थेची ओळख पटवतात.

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचे वय बारा आणि निवृत्तीचे पन्नास सांगितले आहे. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, हे सरासरी वय ४६.२ वर्षे आढळले. मात्र मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्यात स्त्रियांच्या वयाची वरची मर्यादा ४९ हीच राहिली आहे. प्रजननाचे वय संपले की मोजणीही संपते. अंगातून उष्ण लाटा येणे, झोप मोडणे, हाडे ठिसूळ होणे हे त्रास मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे राहू शकतात.

या दुर्लक्षाची किंमत किती, हे बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणारे जोडपे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा जीवनात अनियमित किंवा अति रक्तस्राव म्हणजे बुडालेली मजुरी. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे सहा जणींमागे एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर रजोनिवृत्ती ऐन तिशीतही एकाएकी ओढवते. ते राखले तरी ती लवकर येण्याचा संभव वाढतो. शिवाय पाळीच थांबल्यामुळे बदल ओळखण्याची तारखांची खूणही नाहीशी होते.

बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्व राज्यांना देण्यात आला.

न्यायालयाचा आदेश रुग्णालयाला लागू होतो. दैनंदिन नोंद मात्र स्त्रीच्याच हाती असते. पस्तिशीनंतर पाळीची तारीख, दिवस आणि रक्तस्रावाचे प्रमाण लिहून ठेवलेली साधी वही डॉक्टरांसमोर मोठा पुरावा ठरते. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, तर तपासणी टाळू नये. चाळिशीपूर्वीच पाळी थांबली, तरीही वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. संक्रमणकाळात गर्भधारणेची शक्यता उरलेली असते, हेही लक्षात ठेवावे. संप्रेरक उपचार सुरू करावेत की नाही, हे ठरवतानाही वय साठीच्या आत आहे का आणि शेवटच्या पाळीला दहा वर्षे उलटली आहेत का, हे पाहिले जाते. तिथेही पुन्हा तारीखच लागते.

लोदी कॉलनीतील प्रयोगाने योग्य गोष्ट मोजली होती. ती ज्यांची होती, त्यांच्यासाठी मात्र मोजली नव्हती.

#विज्ञानाचा_इतिहास #स्त्री_आरोग्य #रजोनिवृत्ती