एका जहाजाचें विसर्जन

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण देशावरच्या माणसानें केली असावी. समुद्रकांठच्या माणसानें ती केली असती, तर जुनें गलबत दुरुस्त करून पाहण्याची तिसरी परीक्षा त्यानें तींत खचित घातली असती. घर एकदां बांधून होतें, लग्न एकदां लागून जातें. पण लांकडी जहाजाची डागडुजी कधीं संपत नाहीं. एका बाजूच्या फळ्या बदलून होतात न होतात, तोंच दुसऱ्या बाजूच्या कुजूं लागतात. अशा कामाला ज्यांनीं आयुष्य वाहिलें व ज्यांस यश आलें, त्यांच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. ज्यांना काम अपुरें सोडावें लागलें, त्यांच्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका अपुऱ्या राहिलेल्या कामाची हकीकत सांगणार आहों. कारण हातीं घेतलेलें काम पुरें होणार नाहीं असें दिसल्यावर तें कसें सोडावें, हाहि इतिहासानें शिकविण्याचा एक धडा आहे, आणि इंग्लंडास तो एक फार मोलाचें जहाज गमावून शिकावा लागला.

या जहाजाचा जन्म फ्रान्सांत झाला. इ. स. १८०० मध्यें रोशफोर येथील गोदींतून चौऱ्याहत्तर तोफांचें एक लढाऊ जहाज पाण्यांत उतरलें व एका जुन्या फ्रेंच दर्यावर्दी वीराच्या नांवावरून त्यास 'द्युगे-त्रुअँ' असें नांव देण्यांत आलें. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफल्गारच्या लढाईंत तें फ्रान्सच्या बाजूनें होतें. त्या दिवशीं तें निसटलें; परंतु पंधरवड्यानें, ४ नोव्हेंबर रोजीं, स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ इंग्रज सेनानी स्ट्रॅचन यानें तें व त्याच्या सोबतचीं तीन जहाजें पकडलीं. त्या झुंजींत त्याचा कप्तान कामास आला. इंग्रजांनीं जहाज आपल्या आरमारांत घेतलें आणि त्याचें नांव 'इम्प्लॅकेबल' असें ठेवलें. ज्याचा राग कधीं शांत होत नाहीं, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. १८०८ सालीं बाल्टिक समुद्रांत तें रशियाच्या जहाजाशीं झुंजलें. पुढें वार्धक्य आलें, आणि १८५५ पासून तें डेव्हनपोर्ट येथें मुलांना खलाशाचें काम शिकविणारी शाळा म्हणून नांगरून राहिलें.

१९०८ सालीं सरकारनें तें विकून टाकण्याचें ठरविलें, तेव्हां राजे सातवे एडवर्ड मध्यें पडले व तें वांचलें. १९१२ सालीं तें व्हीटली कॉब नांवाच्या एका सधन गृहस्थाच्या स्वाधीन करण्यांत आलें. कॉब यांस जुन्या जहाजांचा ध्यास होता, आणि त्या ध्यासाचें मोल त्यांनीं अगोदरच एकदां मोजलें होतें. ज्यावर एके काळीं नेल्सनचें निशाण फडकलें, असें 'फूद्रॉयाँ' नांवाचें जहाज त्यांनीं भंगारवाल्यांच्या हातून सोडवून मोठ्या खर्चानें सजविलें होतें. तें १८९७ च्या जूनमध्यें ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत आपटून फुटलें. त्याच्या लांकडाचें सामानसुमान व तांब्याचीं पदकें करून आठवण म्हणून विकण्यांत आलीं. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर हा नाद सोडता. कॉब यांनीं त्याच वर्षीं मोडींत निघालेलें आणखी एक जहाज विकत घेतलें आणि त्यास गेलेल्या जहाजाचें नांव दिलें.

हें नवें 'फूद्रॉयाँ' म्हणजे आपल्या मुंबईचें अपत्य होय. त्याचें मूळ नांव 'त्रिंकोमाली'. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं १८१६ सालीं मुंबईच्या गोदींत त्याचा कणा, म्हणजे ज्यास कोंकणांतले सुतार पठाण म्हणतात तो, बसविण्यांत आला व पारशी चालीप्रमाणें त्यांत रुप्याचा खिळा ठोकण्यांत आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत लोटलें. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्लंडांतील ओकचीं झाडें तुटून संपत आलीं होतीं, म्हणून आरमारखात्यास मलबारच्या सागाची व मुंबईच्या कारागिरांची आठवण झाली होती. ओकच्या लांकडांत एक प्रकारचें आम्ल असतें, तें लोखंडी खिळ्यांना खातें. आणि खिळा गंजला कीं त्याच्या भोंवतालचें लांकूड निकामी होतें. सागांतील तेल लांकडाला राखतें व खिळ्यालाहि राखतें. शिवाय 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत पोंचेपर्यंत युद्ध संपून गेलें होतें, त्यामुळें पहिलीं पंचवीस वर्षें तें नुसतें राखून ठेवलेलें होतें. याचा परिणाम काय झाला तें पुढें दिसेल.

१९३१ सालीं कॉब वारले. दुसऱ्याच वर्षीं हीं दोन्ही जहाजें पोर्टस्मथच्या बंदरांत शेजारीं शेजारीं आणून ठेवण्यांत आलीं. सुटीच्या दिवसांत शाळांतील मुलें तेथें राहावयास येत, वल्हीं मारावयास व शिडें हांकावयास शिकत. त्याच बंदरांत कोरड्या गोदींत नेल्सनचें 'व्हिक्टरी' १९२२ पासून उभें होतें. ट्रफल्गारच्या दिवशीं एकमेकांच्या विरुद्ध असलेलीं दोन जहाजें सव्वाशें वर्षांनीं एका बंदरांत विसावलीं, यांत एक प्रकारचें समाधान होतें. पण दोघांच्या नशिबांत फरक होता. 'व्हिक्टरी' राष्ट्राचें होतें, कोरड्या जमिनीवर होतें व त्याला आरमाराचे कारागीर होते. 'इम्प्लॅकेबल' पाण्यांत होतें, आणि तें एका व्यक्तीच्या ध्यासावर व लोकांच्या वर्गणीवर जगत होतें. १९२५ च्या सुमारास वर्गणी गोळा होऊन त्याची दुरुस्ती झाली होती. पण समुद्राचें पाणी वर्गणीची वाट पाहत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत दोन्ही जहाजें आरमाराच्या कामीं लागलीं. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्यें, 'इम्प्लॅकेबल' पुन्हां धडधाकट करण्यास दीड लक्ष पौंड लागतील असा अंदाज निघाला. त्या वेळचें इंग्लंड वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. युद्ध जिंकलें होतें, पण भाकरीसुद्धां मोजून मिळत होती; बाँबनें पडलेलीं घरें उभारण्यास लांकूड पुरत नव्हतें; १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडाची किंमत चार डॉलरांवरून दोन डॉलर ऐंशी सेंटांवर उतरविण्यांत आली. ग्रीनिच येथील नाविक संग्रहालयाच्या मंडळींच्या मनांत जहाज तेथें नेऊन जतन करावें असें होतें. परंतु पैशाची तजवीज होईना. फ्रान्सला विचारलें, तर त्यानेंहि नको म्हटलें. ज्यानें जिंकलें त्याला परवडेना व ज्याचें मूळचें त्याला घेववेना, अशी त्याची स्थिति झाली.

अखेर २ डिसेंबर १९४९ रोजीं तें पोर्टस्मथहून ओढून वाइट बेटाच्या पूर्वेस नेण्यांत आलें. त्यावर इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांचीं निशाणें एकाच उंचीवर लावलीं होतीं. मग पोटांत सुरुंग उडवून तें बुडविण्यांत आलें. आपल्याकडे भंगलेली मूर्ति देवघरांत ठेवीत नाहींत. ती उकिरड्यावरहि टाकीत नाहींत. ती वाहत्या पाण्यांत सोडतात. त्या दिवशीं इंग्रजांनीं जें केलें तें याहून फार निराळें नव्हतें. तोडणावळीच्या धक्क्यावर फळी फळी विकली जाण्यापेक्षां हा शेवट त्या जहाजास अधिक शोभला, असें म्हणणारे तेव्हांहि होते.

तथापि आमच्या मतें या प्रसंगाकडे केवळ गहिवरून पाहणें पुरेसें नाहीं. ज्यांनीं १९४९ मध्यें हा निर्णय घेतला त्यांस अरसिक म्हणून मोकळें होणें सोपें आहे. ज्या राष्ट्राचे लोक छपराखालीं नाहींत त्यानें आधीं छप्पर घालावें कीं जहाज, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं दिलें, व तें निर्दय होतें असें आम्हांस वाटत नाहीं. खरी चूक त्यापूर्वींच्या चाळीस वर्षांत झाली होती. राजानें मध्यस्थी केली, कॉब यांनीं पैसा ओतला, लोकांनीं वर्गणी दिली. प्रत्येकानें जहाज आणखी कांहीं वर्षें पुढें ढकललें. पण त्याला कायमची कोरडी जागा, कायमचें उत्पन्न व कायमचा मालक यांपैकीं एकहि गोष्ट कोणी मिळवून दिली नाहीं. वांचविणाऱ्या प्रत्येकानें निर्णय पुढच्या माणसावर सोपविला, आणि शेवटच्या माणसाच्या हातीं सुरुंग आला.

मागें काय उरलें? जहाजाच्या नाळेवरील पुतळा आणि पाठीमागील नक्षीदार गवाक्षांचा भाग आधींच काढून घेतला होता. तो ग्रीनिचच्या संग्रहालयांत आहे. त्याचें नांगर ओढण्याचें रहाट रोशफोरास, म्हणजे जन्मगांवीं, परत गेलें. परंतु सर्वांत मोठी गोष्ट उरली ती लोकांच्या मनांतील बोंच. त्या संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनीं ती विसरूं दिली नाहीं. १८६९ सालीं बांधलेलें चहाच्या व्यापाराचें नामांकित जहाज 'कटी सार्क' मोडीच्या वाटेवर होतें. कार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा पुरस्कार केला. यावेळीं जहाज पाण्यांत ठेवलें नाहीं. त्यासाठीं ग्रीनिच येथें खास कोरडी गोदी बांधून १९५४ मध्यें तें तींत आणलें, आणि १९५७ मध्यें तें लोकांस खुलें झालें. 'इम्प्लॅकेबल'च्या बाबतींत जें केलें नव्हतें, तेंच येथें प्रथम केलें. १९७९ सालीं कार यांनीं जगांतील ऐतिहासिक जहाजांच्या रक्षणासाठीं एक न्यास स्थापिला, तेव्हां 'इम्प्लॅकेबल'सारखें पुन्हां कधींहि होऊं नये, हीच त्याची घोषणा होती.

मुंबईचें 'त्रिंकोमाली' या सर्व उलथापालथींतून तरलें. १९८६ पर्यंत त्यावर मुलें शिकत होतीं. नंतर तें हार्टलपूल येथें नेलें गेलें, व १९९० पासून २००१ पर्यंत अकरा वर्षें त्याचा जीर्णोद्धार चालला. एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला, पण त्याच्या मूळच्या सागाचा मोठा भाग तसाच ठेवतां आला. आज पाण्यावर तरंगत असलेलें तें ब्रिटनचें सर्वांत जुनें लढाऊ जहाज होय. यांत सागाचा गुण आहे, वाडियांच्या हाताचा गुण आहे व दैवाचाहि आहे. पण त्याला स्वतःची जागा व स्वतःची संस्था वेळीं मिळाली, हाहि गुण त्यांत मोजला पाहिजे.

पुन्हां कधींहि नाहीं, ही प्रतिज्ञा मात्र कोणालाच पाळतां आली नाहीं, व ती पाळणें शक्यहि नव्हतें. १८७८ सालीं स्कॉटलंडांत बांधलेलें लोखंडी शिडाचें जहाज 'फॉल्स ऑफ क्लाइड' होनोलुलू येथें कित्येक वर्षें संग्रहालय म्हणून उभें होतें. त्याला परत मायदेशीं नेण्याचे प्रयत्न थकले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेंहि समुद्रांत बुडविण्यांत आलें. म्हणून ब्रिटनमधील ऐतिहासिक जहाजांच्या संस्थेनें जहाजें जतन कशीं करावींत यावर जसें पुस्तक काढलें, तसेंच तीं मोडावयाची वेळ आली तर कशीं मोडावींत यावरहि काढलें आहे. मोजमापें घ्यावींत, नकाशे करावेत, छायाचित्रें काढावींत, महत्त्वाचे भाग योग्य स्थळीं द्यावेत, आणि मगच हातोडा उचलावा, असा त्याचा सारांश आहे. सोडून देण्यालाहि शास्त्र लागतें, हें तेथें आतां मान्य झालें आहे.

आपल्या किनाऱ्यावर याची उदाहरणें शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. त्यांची गोदी आजहि दाखवितात; पण त्या गोदींतून बाहेर पडलेली एखादी गुराब दाखवा म्हटलें, तर आपण काय दाखविणार? तें शत्रूनें व आगीनें नेलें, असें म्हणतां येईल. 'विक्रांत'विषयीं तसें म्हणतां येत नाहीं. १९६१ सालीं भारतीय आरमारांत आलेली व १९७१ च्या युद्धांत बंगालच्या उपसागरांत कामगिरी बजावलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्यें निवृत्त झाली. २००१ पासून २०१२ पर्यंत ती मुंबईंत संग्रहालय म्हणून होती. कायमचें स्मारक करण्याच्या योजना निघाल्या. एकीचीहि तजवीज झाली नाहीं. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हस्तक्षेप नाकारला व ती साठ कोटींना विकली जाऊन मुंबईंतच मोडली गेली. तिच्या पोलादाचें एक लहानसें स्मारक २०१६ मध्यें शहरांत उभें राहिलें, व कांहीं पोलाद दुचाकी गाड्यांत गेलें. 'इम्प्लॅकेबल'ची कथाच येथें दुसऱ्यांदा घडली. तेंच कौतुक, तीच अर्धवट योजना, तोच वाढत जाणारा खर्च.

आपल्या समाजांत आरंभशूरतेची थट्टा फार होते. पण आरंभ करणारे नसते, तर आज हार्टलपूलला मुंबईचा साग दिसला नसता. दोष द्यावयाचाच तर काम चालणार नाहीं हें दिसत असूनहि तें न चालवितां व न सोडतां नुसतें कुजूं देण्याच्या संवयीला द्यावा. अर्धवट जीर्णोद्धार झालेलीं देवळें, कुलूप लावलेलीं ग्रंथसंग्रहालयें, वर्गणी थांबल्यावर माळ्यावर पडलेलीं दप्तरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस आम्ही काय म्हणतों तें कळेल. अशा प्रत्येक कामाच्या चालकांनीं दरसाल एकदां स्वतःस विचारावें कीं, आपल्या मागें हें कोण पाहणार आहे? नांव घेतां आलें, तर काम चालवावें. नांव घेतां आलें नाहीं, तर जोंवर अंगांत बळ व हातीं थोडा पैसा आहे तोंवरच त्याची नोंद करून, त्यांतलें जें देण्याजोगें तें दुसऱ्या सुरक्षित ठिकाणीं देऊन, उरलेलें मोकळ्या मनानें सोडावें. 'इम्प्लॅकेबल'च्या नाळेवरचा पुतळा वांचला, कारण तो सुरुंग लावण्यापूर्वीं उतरवून घेतला होता.